मूत्रपिंडाचे आरोग्य : वेळीच तपासणी, हाच बचाव

उर्दूत हिंमतीच्या माणसाला ‘दिल-गुर्देवाला’ म्हणतात. गुर्दा म्हणजे मूत्रपिंड. हा अवयव खरोखरच सोशिक आहे, आणि त्याचा हा सोशिकपणाच रुग्णाला फसवतो. निम्मे काम बंद पडले तरी बहुधा काही दुखत नाही, लघवीही नेहमीसारखीच होते. म्हणून त्रासाची वाट न पाहता तपासणी करून घेणे, हाच मूत्रपिंडे वाचविण्याचा मुख्य मार्ग होय.

प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे १० लाख सूक्ष्म गाळण्या असतात. दोन्ही मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यातील बहुतेक भाग रक्तात परत जातो आणि दीड-दोन लिटर लघवीवाटे बाहेर पडतो. नष्ट झालेली गाळणी पुन्हा तयार होत नाही.

मूत्रपिंडे निकामी होण्याची दोन प्रमुख कारणे म्हणजे मधुमेह व उच्च रक्तदाब. साखर सतत वाढलेली राहिली की गाळण्या खराब होतात व अल्ब्युमिन हे प्रथिन लघवीत झिरपू लागते. रक्तदाबामुळे मूत्रपिंड बिघडते आणि मूत्रपिंड बिघडल्याने रक्तदाब आणखी वाढतो, असे हे दुष्टचक्र आहे.

त्यासाठी दोन साध्या तपासण्या पुरतात : लघवीतील अल्ब्युमिन आणि रक्तातील क्रिएटिनिन. क्रिएटिनिन, वय व लिंग यांवरून ‘ईजीएफआर’ हा आकडा काढतात. तो तीन महिन्यांहून अधिक काळ ६० च्या खाली राहिला, तर दीर्घकालीन विकार समजतात; १५ च्या खाली गेल्यास मूत्रपिंडे निकामी झाली असे मानतात. ६० च्या वर असूनही लघवीत अल्ब्युमिन जात असेल, तर तीही धोक्याची सूचना होय. मधुमेह वा रक्तदाब असणाऱ्यांनी या तपासण्या वर्षातून एकदा कराव्यात. घरात कोणाला हा विकार असल्यास डॉक्टरांना तसे सांगावे. या टप्प्यावर विकाराची गती मंदावणारी औषधे आज उपलब्ध आहेत.

तासन् तास उभे राहून शिकविणाऱ्यांना कंबर-गुडघेदुखी नवी नाही. मात्र डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या गोळ्या मनाने, दीर्घकाळ घेणे मूत्रपिंडांना घातक ठरते. घटक माहीत नसलेल्या पुड्या व भस्मेही टाळावीत. मीठ दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी असावे. लोणचे-पापडातील मीठही त्यातच धरावे. तंबाखू सोडावी. भरमसाट पाणी प्याल्याने मूत्रपिंडे ‘धुतली’ जात नाहीत. आणि सूज असलेल्या रुग्णाने पाण्याचे प्रमाण डॉक्टरांनाच विचारावे.

डायलिसिससाठी आठवड्यातून दोन-तीनदा, दर वेळी सुमारे चार तास द्यावे लागतात. २०१६ पासून राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयांतून गरिबांना ही सेवा मोफत मिळते. तरी प्रवास, बुडालेली मजुरी व सोबतच्या माणसाचा दिवस यांचा भार घरावरच पडतो. मार्चच्या दुसऱ्या गुरुवारी जागतिक मूत्रपिंड दिन असतो. त्या दिवशी महाविद्यालयात भाषणाबरोबरच शिक्षक, शिपाई व पालकांचा रक्तदाब मोजून लघवीची तपासणी करता आली, तर एखादे घर या भारापासून नक्कीच वाचेल.