कॅलिबनची भाषा

शेक्सपिअरचे ‘टेम्पेस्ट’ मराठीत येऊन दीडशे वर्षे झाली. नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी 1875 साली ते मराठीत आणले. हेच कीर्तने त्याआधी, विद्यार्थीदशेत, ग्रँट डफने लिहिलेल्या मराठ्यांच्या इतिहासावर टीका करून गाजले होते. साहेबाची भाषा शिकून त्यांनी साहेबाच्या चुका दाखवल्या आणि त्याच भाषेतले उत्तम नाटक आपल्या घरी आणले. ही दोन्ही कामे एकाच माणसाने करावीत, याचे मला फार अप्रूप वाटते.

नाटकाची गोष्ट तशी आपल्या भाऊबंदकीतलीच. मिलानचा ड्यूक प्रॉस्पेरो ग्रंथांत गढलेला. धाकटा भाऊ राज्य बळकावतो आणि त्याला तान्ह्या मुलीसकट समुद्रात सोडून देतो. एका बेटावर बारा वर्षे काढल्यावर प्रॉस्पेरो मंत्रविद्येने वादळ उठवतो आणि भावाचे जहाज त्याच बेटाला लावतो. 1609 साली इंग्लंडहून व्हर्जिनियाला निघालेले ‘सी व्हेंचर’ जहाज बर्म्युडाला फुटले होते. त्याच्या हकिकती शेक्सपिअरच्या कानी आल्या असाव्यात, असे अभ्यासक मानतात. 1611च्या नोव्हेंबरात हे नाटक राजवाड्यात झाल्याची नोंद आहे.

बँकेतून निवृत्त झाल्यावर मी ते पुन्हा वाचायला घेतले. शिवाजी पेठेतल्या आमच्या गल्लीतली एक मुलगी बी. ए.ला इंग्रजी घेऊन बसली होती. तीही संध्याकाळी वही घेऊन येऊ लागली. बेटाचा मूळ रहिवासी कॅलिबन आला आणि ती थबकली.

“काका, बेट त्येचं हुतं न्हवं? मग ह्यो मालक कसा झाला?”

मोठमोठ्या पंडितांनी हाच प्रश्न विचारला आहे. मार्टिनिकचे कवी एमे सेझेर यांनी तर 1969 साली कॅलिबनच्या बाजूने हे नाटक नव्याने लिहिले. मी तिला म्हटले, “हे वर्गात विचार की.”

“वर्गात मी गप्पच बसतो. तोंड उघडलं की पोरं हसत्यात.” आमच्याकडच्या मुलींच्या रीतीने ती ‘बसतो’ म्हणाली. हसण्याचे कारण तेच होते.

मी तिला कॅलिबनचे उत्तर दाखवले. तुम्ही मला भाषा शिकवलीत, तिचा फायदा एवढाच की मला शिव्याशाप देता येतात, असे तो सुनावतो. ती खुदकन हसली. मग मी पुढची पाने उलटली. बेटावरच्या मंजुळ नादांचे वर्णन शेक्सपिअरने याच कॅलिबनच्या तोंडी घातले आहे, आणि नाटकातल्या सुंदर ओळींत त्याची गणना होते. तिने ते भाषण दोनदा वाचले, दुसऱ्यांदा मोठ्याने.

पुढच्या आठवड्यात तिने तो प्रश्न वर्गात विचारला. अर्धा इंग्रजीत, अर्धा पेठेच्या मराठीत. कोणी हसले की नाही, हे तिने सांगितले नाही, मीही विचारले नाही.

शेवटी प्रॉस्पेरो भावाला क्षमा करतो, जादूची काठी मोडतो, ग्रंथ बुडवतो आणि घरी जायला निघतो. कॅलिबनचे पुढे काय झाले, ते शेक्सपिअर सांगत नाही. पण त्याला दिलेली भाषा काही प्रॉस्पेरोला परत नेता येत नाही. ती आता कॅलिबनची झालेली असते.