मिस कॉल आलाय, परत करू का? स्टार आणि हॅशच्या कोडमागचं गणित

दर्यापूर तालुक्यातल्या माझ्या मामांचा फोन एका दिवशी सकाळपासून गप्प होता. कपाशीचे दिवस, एरवी दर दहा मिनिटांनी कोणाचा ना कोणाचा फोन. संध्याकाळी मामींच्या मोबाइलवरून ते मला म्हणाले, "काहून रे, सकाळपासून एकबी फोन नाई आला. रेंज तं पूर्ण दिसते."

त्याच वेळी अकोल्यातल्या नातेवाइकांना मामांच्या व्हॉट्सॲपवरून मेसेज जात होते. 'दवाखान्यात आहे, वीस हजार टाक, उद्या देतो.' एका मावसभावाने पैसे टाकण्याआधी खात्रीसाठी मामांना फोन लावला. रिंग गेली, कोणी उचलला नाही, उलट लगेच मेसेज आला, 'बोलता येत नाही, आत आहे.' त्याने शेवटी मामींना फोन केला आणि प्रकार उघड झाला.

सकाळी दहाला मामांना एक मिस कॉल आला होता. त्यांनी तो परत केला. पलीकडून सांगितलं गेलं की तुमचं पार्सल आलं आहे, डिलिव्हरीवाल्याला पत्ता सापडत नाही, मी सांगतो तो कोड दाबा म्हणजे त्याच्याशी थेट जोडणी होईल. कोडची सुरुवात स्टारने होती, मधे २१ आणि पुढे एक दहा आकडी नंबर. मामांनी दाबला. त्या क्षणापासून त्यांना येणारा प्रत्येक कॉल त्या दहा आकडी नंबरावर वाजू लागला.

मिस कॉल परत करायची सवय कुठून आली?

देशातला पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी झाला. तेव्हा कॉल करणाराही पैसे भरायचा आणि घेणाराही. मे २००३ पासून येणारे कॉल मोफत झाले आणि बिल फक्त करणाऱ्याच्या माथी आलं. उचललाच नाही तर त्यालाही काही पडत नाही. हे कळायला आपल्या लोकांना आठवडाही लागला नसेल. बडनेऱ्याला गाडीतून उतरलो की एक रिंग, घ्यायला या म्हणायचं तर दोन. हॉस्टेलवरचा पोरगा एक रिंग देऊन कट करायचा आणि घरून फोन यायचा. कॉलेजच्या पोरापोरींच्या रिंगांचा हिशेब वेगळाच होता, तो इथे नको.

पुढे मोठ्या संस्थांनीही ही युक्ती उचलली. २०११ च्या अण्णा हजारेंच्या आंदोलनात पाठिंबा मिस कॉलने नोंदवला गेला. आज बँकेची शिल्लक, पीएफची रक्कम, गॅस सिलिंडरचं बुकिंग, सगळं मिस कॉलवर होतं. शेतातल्या पंपाचे मोबाइल स्टार्टर आहेतच. वीज आली की ते शेतकऱ्याला रिंग देतात, आणि रात्रीच्या पाळीत बांधावर जायची एक खेप वाचते. मिस कॉल म्हणजे कोणाला तरी आपलं काम आहे आणि आता फोन आपण करायचा, हा समज आपल्याकडे पक्का बसला तो असा.

अमेरिकेत हेच काम कोडने व्हायचं. तिथे लँडलाइनवर *६९ दाबलं की शेवटचा कॉल ज्याचा आला त्याला आपोआप फोन लागे. चकती फिरवायच्या जुन्या फोनला स्टारचं बटण नसे, म्हणून त्यावर ११६९ फिरवायचे. ब्रिटनमध्ये १९९४ पासून १४७१ हा नंबर आहे, तो शेवटच्या कॉलरचा नंबर वाचून दाखवतो. आपल्याकडे घराघरात फोन पोहोचला तोच मुळी मोबाइलच्या रूपाने, स्क्रीनवर नंबर दाखवत. त्यामुळे *६९ ची गरज पडली नाही. स्टारचे कोड आपल्याकडे आले ते बॅलन्स पाहायला, कॉलरट्यून लावायला. कंपनीच्या माणसाने सांगितलेला कोड निमूट दाबायचा असतो, हेही आपण तेव्हाच शिकलो.

कोड वाचायचा कसा?

हे कोड मंत्रासारखे वाटतात, पण त्यांना साधं व्याकरण आहे आणि ते जगभरच्या मोबाइलवर जवळपास एकच आहे. आधी चिन्ह, मग आकडा, शेवटी हॅश. चिन्ह म्हणजे क्रियापद. एक किंवा दोन स्टार म्हणजे 'सुरू कर'. स्टार-हॅश म्हणजे 'सांग, सुरू आहे का'. एक हॅश म्हणजे 'बंद कर', दोन हॅश म्हणजे 'पुसूनच टाक'.

आकडा सांगतो की काय सुरू किंवा बंद करायचं. २१ म्हणजे येणारे सगळे कॉल दुसरीकडे वळवणे. ६७ म्हणजे आपण दुसऱ्या कॉलवर असताना वळवणे, ६१ म्हणजे उचलला नाही तर आणि ६२ म्हणजे फोन बंद किंवा रेंजबाहेर असेल तर. ००२ मध्ये हे सगळे आले.

आता मामांना सांगितलेला कोड वाचा. स्टार, २१, नंबर, हॅश. म्हणजे 'माझे सगळे कॉल या नंबरावर वळव'. यात हॅकिंग कुठेच नाही. ही फोनची जुनी, कायदेशीर सोय आहे. दुकानदार दुपारी जेवायला घरी गेला की दुकानाचा फोन घरी वळवायचा, त्यासाठीची. आपल्या सिमवर ती फक्त आपणच सुरू करू शकतो, म्हणून तर तो भामटा मामांकडूनच आकडे दाबून घेत होता.

*#२१# मात्र निरुपद्रवी आहे, तो नुसता विचारतो. त्या संध्याकाळी मी मामांना तो दाबायला सांगितला. स्क्रीनवर एक अनोळखी नंबर आला. मग ##००२# दाबला, पाच मिनिटांनी माझाच फोन त्यांच्या मोबाइलवर वाजला.

कॉल वळवून त्यांना मिळतं काय?

इथे अनेकांचा गोंधळ होतो. कॉल वळवले तरी एसएमएस वळत नाहीत. ओटीपीचा मेसेज तुमच्याच फोनवर येतो. पण व्हॉट्सॲप नव्या फोनवर सुरू करताना 'मेसेज नको, कॉल करून कोड सांगा' असा पर्याय असतो. भामटा आपल्या फोनवर तुमचा नंबर टाकतो, तो पर्याय निवडतो, कॉल तुमच्या नंबरावर निघतो आणि वळून त्याच्याकडे जातो. यंत्राचा आवाज त्याला सहा आकडे वाचून दाखवतो. तुमचं खातं त्याच्या हातात.

दुसरा फायदा त्याहून वाईट. मावसभावासारखं कोणी खात्री करायला फोन केला तर तो कॉलही त्याच्याकडेच वाजतो. पैसे मागणारा मेसेज आला की आधी फोन करून विचारा, असं आपण सगळ्यांना सांगतो. या फसवणुकीत तोच उपाय कापलेला असतो. म्हणून फोन करायचा तो घरातल्या दुसऱ्या माणसाच्या नंबरावर.

केंद्राच्या दूरसंचार विभागाने २८ मार्च २०२४ रोजी कंपन्यांना आदेश दिला की यूएसएसडी कोडने कॉल वळवण्याची सेवा १५ एप्रिल २०२४ पासून पुढील आदेशापर्यंत थांबवा. *४०१ ने सुरू होणारे कोड तेव्हा चर्चेत होते. पण २१, ६१, ६७ हे कोड फोनच्या मूळ रचनेतले आहेत आणि त्या आदेशानंतरही फसवणुकीत वापरले गेले. गृह मंत्रालयाच्या भारतीय सायबर गुन्हे समन्वय केंद्राने त्याबाबत इशाराही दिला. माझ्या मते नुसत्या आदेशाने हे थांबणारं नाही. कॉल वळवताना 'तुमचे सगळे कॉल अमुक नंबरावर जातील, चालेल का' असं फोनने मराठीत विचारलं असतं, तर मामांनी दाबलंच नसतं.

##००२# दाबण्याआधी एक गोष्ट

कुटुंबाच्या ग्रुपवर फिरणारा एक मेसेज तुमच्याकडेही आला असेल. '*#६२# दाबा, नंबर दिसला तर तुमचा फोन टॅप होतोय.' हे चूक आहे. *#६२# दाबल्यावर बहुतेकांना एखादा नंबर दिसतोच आणि तो बऱ्याचदा तुमच्या कंपनीचाच असतो. फोन बंद असताना कोणाचा कॉल येऊन गेला, हे सांगणारा 'मिस कॉल अलर्ट'चा एसएमएस त्याच व्यवस्थेतून येतो. तुम्ही रेंजबाहेर असाल तेव्हा कॉल कंपनीच्या यंत्राकडे वळतो आणि ते तुमच्यासाठी निरोप ठेवतं.

त्यामुळे घाबरून ##००२# दाबलं तर ही सोयही बंद पडू शकते. अमरावती-अकोला शहरात फारसं बिघडणार नाही. पण धारणी, चिखलदऱ्याकडे, जिथे घाट उतरल्यावरच फोनला जाग येते, तिथे हा एसएमएस म्हणजे दिवसभराचा टपाल डबा. तेव्हा आधी *#२१# ने विचारा. तिथे अनोळखी नंबर असेल तरच लगेच ##००२#, आणि नंतर कस्टमर केअरला सांगून अलर्ट पुन्हा सुरू करून घ्या. कोड चालला नाही तर फोनच्या कॉल सेटिंगमध्ये 'कॉल फॉरवर्डिंग' असतं, तिथेही हे दिसतं आणि बंद करता येतं.

मग कोणता मिस कॉल परत करायचा?

नंबरच्या सुरुवातीकडे बघा. +९१ आणि पुढे दहा आकडे असतील तर तो भारतातला. + पुढे दुसरं काही असेल आणि परदेशात तुमचं कोणी नसेल तर सोडून द्या. एक रिंग देऊन कट करायची आणि परत केलेल्या महागड्या कॉलमधून पैसे काढायचे, या प्रकाराला जगभर 'वांगीरी' म्हणतात. शब्द जपानी आहे, 'एक रिंग आणि कट' अशा अर्थाचा. आपल्या वांग्याशी संबंध नाही.

भारतातले नंबर परदेशातून खोटे दाखवून येणारे कॉल अडवण्याची यंत्रणा २२ ऑक्टोबर २०२४ रोजी सुरू झाली. पहिल्या २४ तासांतच तिने सुमारे १ कोटी ३५ लाख कॉल अडवल्याचं सरकारने सांगितलं.

१४० ने सुरू होणारे नंबर जाहिरातींचे, ते परत करून काही मिळणार नाही. बँका, विमा कंपन्या आणि सरकारी सेवांच्या कामाच्या कॉलसाठी १६०० ची मालिका दिली आहे. 'बँकेतून बोलतोय' म्हणणारा साध्या दहा आकडी मोबाइलवरून बोलत असेल तर ठेवून द्या आणि पासबुकावरच्या नंबरावर स्वतः फोन करा. बाकी साधा दहा आकडी मिस कॉल परत करायला हरकत नाही. तुरीचा व्यापारी असेल, पोराच्या शाळेतून असेल. नुसता परत केल्याने खातं रिकामं होत नाही. पलीकडचा माणूस काही दाबायला सांगू लागला की मात्र कट.

असा संशयास्पद कॉल आला पण नुकसान झालं नसेल, तर 'संचार साथी'वरच्या 'चक्षू' सोयीत तो नंबर कळवता येतो. पैसे गेले असतील तर तासाभराचाही उशीर न करता १९३० वर फोन करा. रक्कम पुढच्या खात्यातून निघण्याआधी गोठवता आली तरच हाती लागते.

मामांचं व्हॉट्सॲप परत मिळवताना क्रम महत्त्वाचा ठरला. आधी कॉल वळवणं बंद, मग त्यांच्याच फोनवर व्हॉट्सॲप नव्याने सुरू करून एसएमएसने आलेला कोड टाकला. तो टाकताच भामटा बाहेर फेकला गेला. पण त्याने आत असताना टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा पिन लावून ठेवला होता, त्यामुळे मामांना सात दिवस थांबावं लागलं. हा पिन आपण आधीच लावलेला असता तर त्याला आतच येता आलं नसतं. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये 'अकाउंट'खाली ती सोय आहे, दोन मिनिटांचं काम.

ते सात दिवस मामा अकोल्याच्या नातेवाइकांना एकेक करून फोन लावत होते. सुरुवात ठरलेली, "मी दवाखान्यात नाई बरं का, वावरात हाओ."