करकाला व मधमाशी

करकाला (लॅ. कार्पोब्रोटस रॉसाय, कुल–ऐझोएसी) ही जमिनीवर पसरणारी, बहुवर्षायू, मांसल वनस्पती ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण किनाऱ्यावरील वाळूच्या टेकड्यांवर व खडकांवर निसर्गतः वाढते. भारताच्या किनाऱ्यावर आढळणारी सेसुव्हियम ही वनस्पती याच कुलातील आहे. त्रिधारी, रसाळ पानांत पाणी साठविलेले असल्याने करकाला खारे वारे व कोरडी जमीन सहन करते आणि सैल वाळू धरून ठेवते. ‘खाद्य फळ’ या अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून प्रजातीचे नाव आले असून तेथील आदिवासींच्या आहारात या फळांना पूर्वापार स्थान आहे.

फुले एकाकी, जांभळट गुलाबी व उन्हात उमलणारी असतात. पाकळ्यांसारखे दिसणारे भाग वस्तुतः रूपांतरित, वंध्य केसरदले होत. मध्यभागी असंख्य केसरदले असून परागकण उघड्यावर असल्याने अनेक कीटकांना ते सहज मिळतात.

मधमाशी केसरदलांत शिरली म्हणजे तिच्या अंगावरील शाखायुक्त केसांना परागकण चिकटतात. ते ती पायांनी विंचरून काढते व मकरंदाने ओलसर करून मागील पायांवरील टोपलीसारख्या भागात भरते. हा साठा पोळ्यात जातो; फुलाला त्याचा फारसा उपयोग नसतो. अंगावर उरलेले कण त्याच जातीच्या दुसऱ्या फुलाच्या किंजल्कावर पडले, तरच परपरागण घडते. म्हणून मधमाशीची प्रत्येक भेट म्हणजे परागण नव्हे.

ही यूरोपीय मधमाशी (एपिस मेलिफेरा) ऑस्ट्रेलियात १८२२ मध्ये आणली गेली. त्यापूर्वी तेथील फुलांचे परागण देशी माश्या व इतर प्राणी करीत. देशी माश्यांच्या सु. १,६०० जातींचे वर्णन झाले आहे. रानात पसरलेल्या मधमाश्या फुलांतील अन्न व झाडांच्या ढोली यांसाठी देशी प्राण्यांशी स्पर्धा करतात. न्यू साउथ वेल्स राज्याने २००२ मध्ये या स्पर्धेची नोंद वन्य जीवांना असलेल्या प्रमुख धोक्यांत केली. मात्र बदाम व इतर पिकांचे परागण मधमाश्यांवरच मोठ्या प्रमाणावर अवलंबून आहे.

२०२२ मध्ये न्यूकॅसल येथे व्हॅरोआ हा परजीवी कीड-कोळी आढळला. त्याच्या निर्मूलनाचा प्रयत्न २०२३ मध्ये सोडून देण्यात आला. उपचारांअभावी रानटी वसाहती त्याला सहज बळी पडतात. त्या घटल्यास किनाऱ्यावरील फुलांचे परागण पुन्हा मुख्यतः देशी कीटकांवर येईल. त्यामुळे त्यांच्या घरट्यांसाठी लागणारी मोकळी जमीन, वाळलेल्या काटक्या व जुने वृक्ष राखणे अगत्याचे ठरते.