काल करत होती

गॅरेजच्या दारात हे वाक्य दिवसातून कितीदा ऐकू येत असेल, देव जाणे: "आत्ता करत नाहीये, पण काल करत होती." सांगणारा ओशाळलेला असतो. दवाखान्याची पायरी चढताच ठणकणारी दाढ गप्प बसावी, तसं त्याचं झालेलं असतं.

आमची सात जणांची ऑटोमॅटिक डिझेल गाडी वर्षभर हेच करत होती. महिन्यातून एखाद्या रविवारी साताऱ्याला जाताना ती चढावर एकाच गिअरमध्ये अडकून बसायची. इंजिन कण्हायचं, पिकअप जायचा, समोर पिवळा दिवा लागायचा. गाडी कडेला घ्यायची, चावी बंद करायची, सासूबाईंच्या थर्मासमधला चहा प्यायचा आणि पुन्हा चालू करायची. मग ती अशी पळायची, की जणू काही घडलंच नव्हतं. सर्व्हिस सेंटरने पहिल्या वेळी कोड उडवून जॉबकार्डावर 'तक्रार आढळली नाही' असं लिहिलं. दुसऱ्या वेळी ऑइल बदललं. तिसऱ्या वेळी आख्खा गिअरबॉक्स बदलायचं एस्टिमेट हातात ठेवलं. कोड गिअरबॉक्सचा आहे, म्हणजे गिअरबॉक्स गेला, असा त्यांचा हिशेब.

नाना पेठेतल्या एका स्पेअरपार्टवाल्याने मला एका काकांकडे धाडलं. पत्र्याची शेड, दोन पोरं, एक तेलकट लॅपटॉप. काकांनी बॉनेट उघडलंच नाही. स्टुलावर बसवून विचारत राहिले. गाडी सकाळी पहिल्यांदा चालू केल्यावर करते, की तासाभराने? एसी चालू असतो? गाडीत किती जण असतात? पाऊस पडून गेल्यावर जास्त करते का? मग म्हणाले, "ताई, जाताना करते का येताना?"

मी आठवून पाहिलं. दर वेळी जातानाच. पण रस्ता तर तोच!

"तोच कसा? जाताना खंबाटकी घाट चढता, येताना बोगद्यातून येता."

वर्षभर त्या रस्त्याने ये-जा करून हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. अधूनमधून येणाऱ्या बिघाडाला आपण लहरी म्हणतो, पण यंत्राला लहर नसते. ठरावीक ताप, ठरावीक भार, ठरावीक हादरे जुळून आले की तो येतो. ही जुळणी शोधणं हा या कामातला निम्म्याहून मोठा भाग, आणि त्याला पाना लागत नाही.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं मूळ जहाजांत आहे. हेरमान फ्यॉटिंगर या जर्मन अभियंत्याने १९०५ साली टर्बाइनचा जोर द्रवामार्फत जहाजाच्या पंख्याला पोचवण्याच्या युक्तीचं पेटंट घेतलं. आजच्या टॉर्क कन्व्हर्टरचा हाच पूर्वज. एका पात्यांच्या चाकाने तेल भिरकवायचं, समोरच्या चाकाने ते झेलून फिरायचं. जनरल मोटर्सने १९३९ मध्ये आणलेला हायड्रामॅटिक हा मोठ्या प्रमाणावर बनलेला पहिला पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, तो १९४० च्या ओल्ड्समोबिल गाड्यांना बसला. त्यात कॉम्प्युटर कुठला असायला! तेलाचा दाब, स्प्रिंगा आणि व्हॉल्व्ह यांनीच गिअर केव्हा बदलायचा ते ठरवलेलं असे.

आता ते ठरवतो एक छोटा कॉम्प्युटर. गिअरबॉक्समध्ये शिरणारा शाफ्ट किती वेगाने फिरतोय आणि बाहेर पडणारा किती, हे दोन सेन्सर त्याला सतत सांगत असतात. आत १५०० आणि बाहेर १००० फेरे असतील तर गुणोत्तर दीड. ज्या गिअरचा हुकूम दिला त्याच्याशी ते जुळलं, की कॉम्प्युटर निश्चिंत. जुळलं नाही किंवा एक सेन्सर गप्प झाला, की तो घाबरतो आणि गिअरबॉक्स वाचवण्यासाठी गाडी एकाच गिअरमध्ये बांधून टाकतो. यालाच लिम्प मोड म्हणतात, म्हणजे लंगडत का होईना, घर गाठा. बऱ्याच गाड्यांत चावी बंद-चालू केली की ही भीती जाते. आमच्या गाडीला सासूबाईंचा चहा लागू पडायचा तो असा.

कोडांबद्दल काका फारसं चांगलं बोलत नाहीत. पी-०७०० चा अर्थ एवढाच, की गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरची काही तक्रार आहे. पी-०७३० म्हणजे गुणोत्तर जुळत नाही. पी-०७१७ म्हणजे आत शिरणाऱ्या शाफ्टच्या सेन्सरकडून सिग्नल नाही. सिग्नल नाही हे खरं, पण दोष सेन्सरचा, वायरचा, वायरा जोडणाऱ्या कपलरचा की कॉम्प्युटरचा, हे कोड सांगत नाही. कोडाबरोबर एक गोष्ट मात्र लाखमोलाची असते: त्या क्षणी वेग किती होता, इंजिन किती तापलं होतं, किती फेरे होते, याची टिपलेली नोंद. कोड उडवला की ती नोंदही उडते. आमच्याकडे ती तीनदा उडवली गेली होती. पंचनामा व्हायच्या आधी कुणी फरशी पुसून घ्यावी, त्यातला प्रकार.

मग तेल. चांगलं तेल लालसर असतं. तपकिरी होऊन करपट वास येत असेल तर आतल्या क्लचप्लेटा जळताहेत. फालुद्यासारखं गुलाबी आणि गढूळ दिसलं तर रेडिएटरमधलं पाणी त्यात शिरलंय, आणि मग खर्चाला सीमा नाही. आमचं ठीक होतं. दुसरी परीक्षा रस्त्यावरची. साठ-सत्तरच्या वेगाला, पाय हलका असताना, खडबडीत पट्ट्यांवरून गेल्यासारखी थरथर येत असेल तर लोक इंजिनाला दोष देतात. अशा वेळी ॲक्सिलरेटर तसाच ठेवून ब्रेकला नुसता स्पर्श करायचा. त्याने टॉर्क कन्व्हर्टरमधला लॉकअप क्लच सुटतो. थरथर त्याच क्षणी थांबली, तर संशय इंजिनावरून त्या क्लचकडे वळतो. एक पैसा खर्च नाही. आमची गाडी यातही पास झाली.

उष्णतेचा संशय काकांना पहिल्यापासून होता. तेलाचे व्हॉल्व्ह विजेवर उघडमिट करणाऱ्या सोलेनॉइडची तांब्याची गुंडाळी २० अंशांना २० ओहम दाखवत असेल, तर १०० अंशांना २६ च्या आसपास जाते. एवढं तर निरोगी गुंडाळीही करते. त्यामुळे थंड गाडीवर मल्टिमीटर लावून 'सगळं ओके' म्हणण्याला अर्थ नाही.

आणि तेल कुठे जाईल याचाही नेम नाही. १९९६ पासून मर्सिडीजच्या कितीतरी गाड्यांना बसलेल्या पाच गिअरच्या ७२२.६ या गिअरबॉक्सची गोष्ट या धंद्यात प्रसिद्ध आहे. त्याच्या कपलरचं रबरी सील झिजलं की तेल वायरांच्या आतून, समईच्या वातीतून चढावं तसं, वर कॉम्प्युटरपर्यंत जाऊन पोचायचं. गिअरबॉक्स धडधाकट असायचा आणि दोष भलत्याच डबीत सापडायचा. आपल्याकडे यात उंदरांची भर. पावसाळ्यात उबेला बॉनेटखाली येतात आणि वायरची साल कुरतडून जातात. कोरडं असेपर्यंत गाडी चालते, पाणी उडालं की अडते.

कधी तर बिघाड नसतोच. मारुतीने फेब्रुवारी २०१४ मध्ये सेलेरिओतून एएमटी घराघरांत नेली. त्यात साधाच मॅन्युअल गिअरबॉक्स असतो, क्लच दाबायचं आणि गिअर बदलायचं काम तेवढं यंत्र करतं. घाटातल्या कोंडीत ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरली की क्लच तापतो आणि गाडी रुसते. अशा गिऱ्हाइकाला काका चहा पाजून परत पाठवतात.

आमच्यासाठी त्यांनी रविवार उभा केला. मागच्या दोन्ही रांगांत वाळूची पोती, एसी फुल्ल, दुपारी बाराची वेळ, आणि ट्रकांच्या मागून खंबाटकी. (सासूबाई म्हणाल्या, मी आले असते की!) लॅपटॉपवर तीन रेघा: इंजिनाचे फेरे, आतल्या शाफ्टचे, बाहेरच्या शाफ्टचे. अर्धा घाट चढलो आणि मधली रेघ दोन हजारांवरून थेट शून्यावर पडली. पापणी लवते न लवते तोच पुन्हा दोन हजार. काका हसले. "इंजिन फिरवतंय तो लोखंडी शाफ्ट असा थांबून परत पळेल का? शाफ्ट फिरतोच आहे. त्याची खबर पोचत नाहीये."

म्हणजे गिअरबॉक्स निर्दोष. आता सेन्सर की वायर? माथ्यावर गाडी कडेला घेतली, इंजिन चालूच ठेवलं, गिअर पी मध्ये. पी मध्येही आतला शाफ्ट जवळजवळ इंजिनाच्याच वेगाने फिरत असतो, त्यामुळे रेघ साडेसातशेवर दिसत होती. काका खाली सरकले आणि वायरिंग वीतभर वीतभर हलवू लागले. पोरगा लॅपटॉपकडे बघून ओरडत होता, "आहे... आहे... आहे... गेली! आली. गेली!"

सेन्सरचा कपलर. गाडी निवल्यावर काकांनी त्यातल्या एकेका खाचेत मापाची नवी पिन घालून पाहिली. पिन ओढताना किंचित अडली पाहिजे. एका खाचेतून ती आपल्या वजनानेच खाली पडली. खाच फाकली होती. गार असेपर्यंत कशीबशी टेकत होती, तापली आणि हादरली की सुटत होती. फाकली कशी? काकांनी भिंग माझ्या हातात दिलं. आतल्या पत्र्यावर ताजा ओरखडा होता. आधी कधीतरी कुणीतरी तपासणीसाठी मल्टिमीटरची जाड सुई तिथे खुपसली होती.

खाच बदलली, वाळूची पोती तशीच ठेवून काकांनी आणखी दोनदा घाट चढवला, आणि तरीही गाडी दुरुस्त झाली असं म्हणाले नाहीत. "चार रविवार जाऊन या. अडलीच तर चावी बंद करू नका, आधी मला फोन करा."

फोन करायची वेळ आली नाही. दुसऱ्या रविवारी खंबाटकीचा माथा मागे पडला तशा सासूबाई मांडीवरचा थर्मास सावरत म्हणाल्या, "आज थांबायचं नाही होय?"