बैलगाडीचे घर्षण आणि वंगण

भरलेली बैलगाडी रात्रभर उभी राहिली म्हणजे सकाळी ती हलविताना बैलांना मोठा जोर करावा लागतो. एकदा चाके फिरू लागली, की तीच गाडी त्याच रस्त्यावर पुष्कळ हलकी चालते. गाडीचे वजन तेवढेच असते. कमी झालेले असते ते घर्षण.

एक पृष्ठभाग दुसऱ्यावर दाबलेला असता त्यांच्या सरकण्यास जो विरोध होतो, त्यास घर्षण म्हणतात. वस्तू स्थिर असताना हा विरोध अधिक असतो व ती सरकू लागल्यावर तो उतरतो. फ्रान्समधील आमोंताँ यांनी १६९९ साली आणि कूलाँ यांनी १७८५ साली घर्षणाचे नियम मांडले. त्यांतील एक नियम प्रथमदर्शनी खरा वाटत नाही. घर्षण दाबणाऱ्या वजनाच्या प्रमाणात वाढते. टेकलेल्या भागाच्या लांबी-रुंदीवर ते अवलंबून नसते.

ग्रामसेवकांनी हा प्रयोग शेतकऱ्यांसमक्ष अवश्य करून दाखवावा. फळीवर वीट आडवी ठेवून तिला सुतळी बांधावी व ती स्प्रिंगच्या काट्याने ओढावी. नंतर तीच वीट कडेवर उभी करून ओढावी. काटा जवळजवळ तोच आकडा दाखवितो. विटेवर दुसरी वीट ठेवली, तर मात्र ओढ सुमारे दुप्पट लागते. विटेखाली ज्वारीचे दाणे पसरले, तर ती एकदम उतरते.

असे का व्हावे? डोळ्यांस गुळगुळीत दिसणारे लोखंडही सूक्ष्मदर्शकाखाली डोंगरदऱ्यांसारखे दिसते. दोन पृष्ठभाग केवळ शिखरांवर टेकतात व तेथे एकमेकांस चिकटतात. ही चिकटलेली ठिकाणे तोडण्यात बरीचशी शक्ती खर्च होते. वजन वाढले की अधिक शिखरे टेकतात. वजन तेच ठेवून वीट आडवी केली, तर खरी टेकलेली जागा वाढत नाही. केंब्रिज येथील बाउडन व टेबर यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास ही उपपत्ती प्रस्थापित केली.

चाकामुळे घर्षण नाहीसे होते, असा समज आहे. तो बरोबर नाही. चाक घर्षणाची जागा बदलते. चाके नसती तर गाडीचा सांगाडा जमिनीवर घासत गेला असता. चाक जमिनीवर घासत नाही, लोटले जाते. घासणे होते ते तुंब्याच्या आत, आसावर. ही जागा लहान, झाकलेली आणि वंगण घालता येण्याजोगी असते. शिवाय चाक मोठे व आस बारीक असल्याने तरफेचा फायदा मिळतो. चाकाचा व्यास १५० सेंटिमीटर व आसाचा ५ सेंटिमीटर धरला, तर आसावरील घर्षणाचा तिसावा भागच बैलांच्या ओढीत येतो.

मालासह गाडीचा भार १,००० किलो धरू. आस कोरडा असून घर्षण भाराच्या तीन दशांश झाले, तर ते ३०० किलो होईल व बैलांवर त्यापोटी १० किलोंची ओढ पडेल. वंगणाने तेच एक दशांशावर आले, तर ही ओढ तीन-साडेतीन किलोच राहील. हा फरक क्षुल्लक नव्हे. बैल दिवसभर आपल्या वजनाच्या सुमारे एक दशांश ओढ देऊ शकतो. म्हणजे ४०० किलोंच्या दोन बैलांची जोडी ८० किलो. त्यातील सहा-सात किलो करकरणाऱ्या आसावर फुकट घालविणे म्हणजे शक्तीचा बारावा हिस्सा गमावणे होय. तो भार शेवटी बैलांच्या खांद्यावरच येतो, आणि खांदेसूज झालेला बैल ऐन हंगामात गोठ्यात बसतो.

वंगणाचा थर शिखरांना एकमेकांपासून दूर ठेवतो. भार जड व गती मंद असल्याने येथे पातळ तेल टिकत नाही; घट्ट वंगणच हवे. गाडी उभी असता तेही दाबाखालून हळूहळू निसटते, आणि सकाळच्या जादा जोराचे हे एक कारण आहे. जुन्या वंगणावर नवे थापण्याची सवय मात्र सोडावी. त्यात धूळ मुरलेली असते आणि ती कानशीप्रमाणे आस खाते. चाक काढून आस व तुंबा पुसावा, मगच नवे वंगण भरावे.

भुसभुशीत रानात मात्र वंगणाचा प्रभाव फारसा दिसत नाही. तेथे अरुंद लोखंडी धाव मातीत रुतते आणि चाकाला सतत पुढची माती दाबीत चढावे लागते. हा विरोध पक्क्या रस्त्यावरील विरोधाच्या कित्येक पट असतो. रुंद हवेचे टायर कमी रुततात, म्हणून अशा जमिनीत टायरची गाडी सरस ठरते.

रुतलेली गाडी हलविताना माणसे बहुधा मागून साटी लोटतात. त्याऐवजी चाकाचा वरचा भाग पुढे ढकलावा. चाक जमिनीला टेकते त्या बिंदूपासून माथा आसाच्या दुप्पट उंचीवर असतो. म्हणून तेथे लावलेला जोर आसाशी लावलेल्या जोराच्या दुप्पट काम देतो. मात्र बैलांनी ओढ घेताच हात आऱ्यांपासून दूर घ्यावेत.