रजोनिवृत्ती आणि रोहिणींचे आरोग्य

‘पाळी गेली’ हा घरगुती प्रयोग घ्या वा ‘रजोनिवृत्ती’ ही शास्त्रीय संज्ञा. दोहोंत निर्देश आहे तो केवळ स्रावाच्या थांबण्याचा. रक्तवाहिन्यांची दखल एकीतही नाही. वस्तुतः इस्ट्रोजेन हे संप्रेरक रोहिणींच्या अंतःस्तरात नायट्रिक ऑक्साइडची निर्मिती वाढविते. त्यायोगे भित्तिकेतील स्नायू सैलावून रक्तप्रवाह सुलभ होतो. संप्रेरक ओसरले की ही क्षमता उणावते.

तेव्हा ते बाहेरून पुरविल्यास हृदयाचे रक्षण व्हावे, हे अनुमान सरळ होते. अनुभव मात्र विपरीत आला. अमेरिकेत १६,६०८ स्त्रियांवर चाललेली संयुक्त संप्रेरकांची चाचणी २००२ मध्ये मुदतीपूर्वीच थांबवावी लागली. हृद्रोग, पक्षाघात, रक्ताच्या गुठळ्या व स्तनाचा कर्करोग यांचे प्रमाण वाढलेले आढळले. परंतु या स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते, याकडे आरंभी पुरेसे लक्ष गेले नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘एलिट’ चाचणीत, पाळी थांबून सहा वर्षे न लोटलेल्या स्त्रियांत मानेतील रोहिणीची भित्तिका जाड होण्याचा वेग मंदावला. दहा वा अधिक वर्षे लोटलेल्यांत तो मंदावला नाही.

भारतीय स्त्रियांची पाळी सामान्यतः ४६-४७व्या वर्षी, म्हणजे पाश्चात्त्य स्त्रियांहून काही वर्षे आधीच, थांबते. म्हणून दहिसरच्या एखाद्या दवाखान्यात अंगातून वाफा निघतात अशी तक्रार घेऊन आलेल्या स्त्रीस वयाबरोबरच ‘पाळी केव्हा गेली?’ हेही विचारावे लागते. निव्वळ हृद्रोग टाळण्यासाठी मात्र हा उपचार आजही सुचविला जात नाही.