बट्टा कापला जातो तिथे

युरोपच्या सहलीआधीची बैठक ठाण्यातल्या एखाद्या हॉलमध्ये भरते, तेव्हा पहिला प्रश्न स्वेटरचा असतो आणि दुसरा पैशांचा. "युरो किती घ्यायचे?" टूर मॅनेजरचं उत्तर ठरलेलं असतं. नाश्ता, जेवण, बस, हॉटेल सगळं कंपनीचं, त्यामुळे खरेदी आणि टिपांपुरते माणशी तीनशे-पाचशे पुरेत. मग खुर्च्यांच्या रांगांमध्ये खरी चर्चा सुरू होते. डोंबिवलीतल्या कुणा मनी चेंजरने किती भाव दिला, स्टेशनाजवळचा दुसरा वीस पैशांनी स्वस्त आहे, मुलुंडचा आणखी पाच पैसे सोडतो. चार ठिकाणी फोन होतात. पाचशे युरोंवर वीस पैसे वाचले म्हणजे शंभर रुपये वाचले. त्यातून मुलुंडची रिक्षा वजा करायची.

याच मंडळींपैकी कुणी दहा दिवसांनी इंटरलाकेनमध्ये चारशे फ्रँकचं घड्याळ घेतं. दुकानदार मशीन पुढे करतो. पडद्यावर दोन रकमा दिसतात, एक फ्रँकमध्ये आणि एक रुपयांत. रुपये ओळखीचे, हिशेब लगेच कळतो, म्हणून बोट रुपयांवर जातं. फ्रँक ११० रुपये धरला तर घड्याळ ४४ हजारांचं. त्या एका बटणावर सहा टक्के जास्तीचा दर लागला, तर २,६४० रुपये गेले. त्याबद्दल कुठेच फोन झालेला नसतो.

आपण घासाघीस कुठे करतो आणि पैसे जातात कुठे, हे या लेखात पाहायचं आहे.

पैसे बदलून देणारा आपला वाटा कापणारच, यात गैर काही नाही. तो धंदा या भागात फार जुना आहे. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाने लिहिलेल्या 'पेरिप्लस'मध्ये आपल्या कल्याणचं बंदर आहे, 'कल्लिएना' या नावाने. राजकीय कुरबुरींमुळे तिथे लागणारी ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जात, असं तो सांगतो. भडोचबद्दलची त्याची नोंद तर सरळ व्यापाऱ्याची आहे: रोमन सोन्याचांदीची नाणी तिथे आणावीत, स्थानिक नाण्यांत बदलताना नफा होतो. इकडे नाशिकच्या पांडवलेण्यात, नहपानाचा जावई उषवदात याच्या शिलालेखात, चक्क विनिमयाचा दर कोरलेला आहे. सत्तर हजार कार्षापणांचं दान, पस्तीस कार्षापणांचा एक सुवर्ण, म्हणजे दोन हजार सुवर्ण. त्याच लेण्यात विणकरांच्या श्रेणीकडे ठेवलेल्या ठेवीचा व्याजदरही आहे, दरमहा शेकडा एक. दगडात कोरून, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा. आजच्या बँकांच्या शुल्कपत्रकाचा टाइप पाहिला की उषवदाताबद्दल आदर वाढतो.

पेशवाईत पुण्याच्या बाजारात अंकुशी, चांदवडी, हाळी असे कितीतरी रुपये फिरत आणि एकाचं दुसऱ्यात रूपांतर करताना सराफ बट्टा घेई. तो समोर बसून घेई आणि किती घेतला ते सांगून घेई. पटलं नाही तर माणूस शेजारच्या पेढीवर जाई.

मधल्या काळात आपल्याकडे हा बाजारच बंद झाला. स्वातंत्र्यानंतर परकीय चलन हा सरकारचा राखीव ठेवा बनला. साठ-सत्तरच्या दशकांत परदेशी शिकायला गेलेली मंडळी खिशात फक्त आठ डॉलर घेऊन निघाल्याची गोष्ट सांगतात, ती याच काळातली. १९७३ च्या फेरा कायद्याने पकड आणखी आवळली आणि परवानगीशिवाय डॉलर बाळगणं हा गुन्हा ठरला. गंमत अशी, की त्याच तीन-चार वर्षांत आपल्या या पट्ट्यातला नोकरदार मध्यमवर्ग स्वतःच्या बँका उभ्या करत होता. डोंबिवली नागरी १९७० ची, ठाणे जनता १९७२ ची, कल्याण जनता १९७३ ची. फ्लॅटची उचल, मुलीच्या लग्नाचं कर्ज, भिशीची शिल्लक यांसाठी निघालेल्या या बँकांच्या खातेदाराला कधी काळी फ्रँकमध्ये घड्याळ घ्यावं लागेल, हे संस्थापकांच्या स्वप्नातही नसणार.

१९९१ च्या जुलैत रुपयाचं दोनदा अवमूल्यन झालं, सोनं गहाण पडलं आणि तिथून दार हळूहळू उघडत गेलं. १९९४ मध्ये रुपया चालू खात्यावर परिवर्तनीय झाला, जून २००० पासून फेराच्या जागी फेमा आला. फेब्रुवारी २००४ मध्ये रिझर्व्ह बँकेने उदारीकृत विप्रेषण योजना आणली. नाव सरकारी आहे, सगळे एलआरएसच म्हणतात. सुरुवातीची मर्यादा वर्षाला २५ हजार डॉलर होती, आज अडीच लाख आहे. २०२३-२४ मध्ये भारतीयांनी या योजनेखाली ३१.७ अब्ज डॉलर बाहेर पाठवले, त्यांतले सुमारे १७ अब्ज निव्वळ प्रवासाचे. मुलांच्या परदेशी शिक्षणापेक्षाही प्रवासाचा आकडा मोठा आहे, हे मला पहिल्यांदा वाचताना खरं वाटलं नव्हतं.

आता हिशेबाकडे वळू. सोपं जावं म्हणून युरो शंभर रुपयांचा धरू आणि तिकडे हजार युरो, म्हणजे लाख रुपये, खर्च झाले असं मानू.

बँकेचं नेहमीचं क्रेडिट किंवा डेबिट कार्ड वापरलं, तर व्हिसा किंवा मास्टरकार्डच्या दराने युरोंचे रुपये होतात. तो दर घाऊक बाजाराच्या बराच जवळ असतो आणि त्या कंपन्यांच्या संकेतस्थळांवर कुणालाही पाहता येतो. त्यावर आपली बँक मार्कअप लावते. तो बहुतेक साध्या कार्डांवर ३.५ टक्के असतो आणि मार्कअपवर १८ टक्के जीएसटी. लाखाला ३,५०० अधिक ६३०, म्हणजे ४,१३०. स्टेटमेंटमध्ये ही रक्कम वेगळ्या ओळीत, कधी दोन दिवसांनी येते, म्हणून खरेदीशी जोडली जात नाही. मार्कअप दोन टक्के किंवा शून्य असलेली कार्डं गेल्या काही वर्षांत निघाली आहेत. त्यांची नावं इथे देत नाही. दिवाळी अंक पुढच्या दिवाळीपर्यंत घरात फिरतो आणि या योजना तेवढ्या टिकत नाहीत. आपल्या कार्डाच्या शुल्कपत्रकात 'फॉरेन करन्सी मार्कअप' ही ओळ शोधायची, एवढंच काम आहे.

दुकानातल्या मशीनवर रुपये निवडले, तर मात्र दर ठरवण्याचं काम दुकानदाराच्या बँकेकडे जातं. याला डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन म्हणतात. ती बँक आपला दर लावते आणि त्यातला हिस्सा दुकानदाराला देते, म्हणून तोही आग्रहाने "इंडियन रुपीज?" असं विचारतो. दर चार-पाच टक्क्यांपासून पुढे कितीही महाग असू शकतो. आणि इथे आपल्या माणसाची दुहेरी फसगत होते. रुपयांत पैसे दिले म्हणजे आपल्या बँकेचा मार्कअप चुकला, असं त्याला वाटतं. पण परदेशात रुपयांत झालेल्या व्यवहारावरही काही भारतीय बँका एक टक्का किंवा थोडं जास्त शुल्क घेतात, त्यावर पुन्हा जीएसटी. युरोपीय संघाने तर २०२० पासून कायदाच केला, की हा जादा दर युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या दरापेक्षा किती टक्के जास्त आहे हे मशीनवर दाखवलंच पाहिजे. दाखवतातही, पण मागे रांग असताना ती बारीक ओळ कोण वाचतो? निवडीचा हक्क मात्र ग्राहकाचा आहे. दुकानदाराने परस्पर रुपये निवडले असतील, तर व्यवहार रद्द करून पुन्हा करायला सांगता येतं. उत्तर नेहमी एकच: युरोपात युरो, स्वित्झर्लंडमध्ये फ्रँक, बँकॉकमध्ये बाट.

एटीएमवर हीच गोष्ट वेगळ्या वेषात येते. पर्यटकांच्या चौकांतली मशीन 'कन्व्हर्जनसह' हे बटण मोठं, हिरवं ठेवतात आणि 'कन्व्हर्जनशिवाय' हे छोटं. छोटं दाबावं, पैसे मिळतात. थायलंडमध्ये परदेशी कार्डाला दर वेळी साधारण २२० बाटचं स्थानिक शुल्क बसतं, त्यामुळे तिथे थोडे थोडे काढण्यात नुकसान. आणि क्रेडिट कार्डावर एटीएममधून रोख कधीच काढू नये. त्यावर रोख शुल्क तर लागतंच, शिवाय व्याज पहिल्या दिवसापासून चालू होतं.

फॉरेक्स कार्डाबद्दल आपल्याकडे जरा भाबडेपणा आहे. पैसे भरतानाच भाव पक्का होतो, हा त्याचा खरा गुण, आणि रुपया घसरत असताना तो मोठा असतो. पण कार्डावर युरो भरले आणि सहल स्वित्झर्लंडमध्ये गेली, की फ्रँकच्या प्रत्येक खर्चावर क्रॉस-करन्सी शुल्क बसतं. ते बहुधा साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतं, म्हणजे ज्यापासून पळालो तेच. मराठी सहलींच्या युरोप दौऱ्यात स्वित्झर्लंड नाही असं होतच नाही. लंडन जोडलं तर पाउंड आला. दुबईचं तसंच. दिरहम १९९७ पासून डॉलरला बांधलेला आहे, एका डॉलरला ३.६७२५, म्हणून डॉलरचं कार्ड चालेल असं वाटतं. चालतं, पण चलन वेगळं म्हणून शुल्क कापलं जातं. अनेक चलनं एकत्र ठेवणारं कार्ड घेऊन त्यात फ्रँक वेगळे भरले, तरच फायदा.

राहिल्या नोटा. त्या लागतातच, टिपांना, स्वच्छतागृहांना, छोट्या बाजारांत. सहलीला माणशी तीन हजार डॉलरपर्यंतच्या नोटा नेता येतात. रुपये देताना पन्नास हजारांच्या आत रोख चालते, पुढे चेक किंवा ऑनलाइन. मनी चेंजरच्या पावतीवर जीएसटी पाहून लोक दचकतात, पण तो पूर्ण रकमेवर नसतो. लाखापर्यंतच्या व्यवहारात एक टक्का रक्कम करपात्र धरतात आणि तिच्यावर १८ टक्के, म्हणजे लाखाला १८० रुपये. मनी चेंजरची खरी कमाई घेण्या-विकण्याच्या भावातल्या फरकात असते, म्हणून दोन्ही भाव विचारावेत. प्रागमध्ये 'शून्य कमिशन' अशी पाटी लावून भयानक भाव देणाऱ्या दुकानांवर चेक सरकारने २०१९ पासून अंकुश आणला. हजार युरोंपर्यंतचा व्यवहार तीन तासांच्या आत रद्द करण्याचा हक्क ग्राहकाला आहे. पावती जपून ठेवा.

नेपाळला जाणाऱ्यांना यातलं फारसं काही लागत नाही. आपल्या एका रुपयाला १.६ नेपाळी रुपये हा दर १९९३ पासून हललेला नाही, आणि भूतानचा न्गुल्ट्रम आपल्या रुपयाला समान आहे.

निघण्याआधीची एक गोष्ट दरवर्षी कुणा ना कुणाला आडवी येते. ऑक्टोबर २०२० पासून नवं कार्ड फक्त देशांतर्गत वापरासाठी चालू होऊन मिळतं. परदेशी वापर, ऑनलाइन, टॅप, हे सगळं बँकेच्या ॲपमधून आपण चालू करायचं. रुपे कार्डवाल्यांनी आणखी एक पाहावं. साधं देशांतर्गत रुपे परदेशात चालत नाही, आंतरराष्ट्रीय वापराचं रुपे डिस्कव्हर, डायनर्स आणि जेसीबीच्या जाळ्यांवर चालतं. आपल्या नागरी बँकेच्या शाखेत जाऊन आपलं कार्ड कोणतं ते विचारावं. तिथला कर्मचारी बहुधा ओळखीचाच असतो. यूपीआय मात्र अजून तुरळक आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये पॅरिसच्या आयफेल टॉवरच्या तिकिटांसाठी ते सुरू झालं आणि आपल्याकडे त्याचे फोटो पुष्कळ फिरले, पण त्या भरवशावर पॅरिसला जाऊ नये.

आता कराचा घोळ. १६ मे २०२३ रोजी सरकारने परदेशातला क्रेडिट कार्डाचा खर्च एलआरएसमध्ये ओढला आणि कॉफीवरही वीस टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ गोळा केला जाणारा कर, कापला जाणार, अशी हाकाटी उठली. तीनच दिवसांत सात लाखांपर्यंत सूट आली आणि २८ जूनला तो बदलच पुढे ढकलला गेला. त्यामुळे परदेशात वापरलेलं क्रेडिट कार्ड तूर्त या योजनेबाहेर आहे. डेबिट कार्ड, फॉरेक्स कार्ड आणि नोटा आत आहेत, पण २०२५-२६ पासून दहा लाखांपर्यंत त्यांवर कापणी नाही. सहल-कंपनीच्या पॅकेजचं वेगळं आहे. त्यावर २०२५-२६ मध्ये पहिल्या रुपयापासून पाच टक्के टीसीएस लागत होता. दोघांच्या सहा लाखांच्या सहलीवर तीस हजार. हा जादा कर नव्हे, पॅनवर जमा झालेली आगाऊ रक्कम आहे. पण ज्या निवृत्त जोडप्याचं उत्पन्न करपात्र नाही, त्याने विवरणपत्र भरलं नाही, तर तीस हजार सरकारकडेच राहतात. पाच पैशांसाठी मुलुंड गाठणाऱ्यांपैकी कितीजण ते भरतात, कोण जाणे. आणि बिल कुणाच्या पॅनवर करायचं, हे बुकिंगच्या वेळीच ठरवावं. ज्याला कर भरावा लागतो त्याच्या नावावर गेलं, तर टीसीएस हिशेबात वळता होतो.

परत आल्यावर उरलेल्या नोटांचं काय? दोन हजार डॉलरपर्यंतच्या नोटा घरात ठेवता येतात, त्याहून जास्तीच्या १८० दिवसांत परत कराव्या लागतात. आपल्या सोसायट्यांमध्ये मात्र त्यांचा वेगळाच बाजार चालतो. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांकडे न्यू जर्सीहून उरलेले डॉलर, पाचव्या मजल्यावरच्यांना दुबईला जायचंय, मग मधला भाव धरून व्यवहार. दोघांचाही बट्टा वाचतो आणि चहाही होतो. फेमाच्या तिसऱ्या कलमाप्रमाणे परवानाधारकाशिवाय कुणाशीही असा व्यवहार करायला मनाई आहे, हे दोघांनाही ठाऊक नसतं. काकांनी डॉलर मनी चेंजरकडे न्यावेत. तो नोटा घेईल, सेंट घेणार नाही. परदेशी नाणी किती बाळगावीत याला कायद्यात मर्यादाच नाही, ती नातवंडांना देऊन टाकावीत.